चिंचेची मेलेली बाजू

आमच्या गल्लीत मला 'सडक्या अंड्यांचे काका' म्हणतात. अंडं मी आयुष्यात खाल्लेलं नाही. पण वर्षातून दोनदा, एकदा दसऱ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, मी गच्चीवर स्टोव्ह पेटवून गंधक आणि चुना पाण्यात उकळतो, आणि तो वास भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या आमच्या अख्ख्या गल्लीत दोन दिवस मुक्कामाला येतो. मागे एक नवीन बिऱ्हाड राहायला आलं होतं. त्यांनी घरमालकाला बोलावून गटाराची झाकणं उघडायला लावली. जुने लोक मात्र खिडक्या लावून घेतात आणि एकमेकांना सांगतात, काकांचा सीझन सुरू झाला.

संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधी विचारून घेतलं की कोणत्या कामाबद्दल. कारण मी दोन कामं केली. पहिलं चाळीसेक वर्षं केलं, दुसरं गेली बारा-तेरा वर्षं करतोय, आणि दुसऱ्यात जी सगळ्यात मोठी चूक केली ती पहिल्यामुळे केली. म्हणून दोन्हींबद्दल थोडं थोडं सांगावं लागेल.

आधी दुसरं. बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत वाढवलेलं, बुटकं पण म्हातारं दिसणारं झाड, हे आता बहुतेकांना माहीत असतं. त्या झाडाचा एखादा भाग पुष्कळदा मेलेला असतो. एखादी फांदी वाळलेली असते, कधी खोडाची एक बाजू साल जाऊन उघडी पडलेली असते. आपल्याला वाटतं, मेलं ते कापून टाकावं. पण कड्यावरचं एखादं जुनं झाड आठवा. अर्धं अंग वाळून पांढरं पडलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यावर हिरवी पालवी असते. बघताना नजर त्या वाळलेल्या अंगावरच जाते. कुंडीतल्या झाडाला तसं वय दिसावं म्हणून हौशी लोक मेलेला भाग ठेवतात. त्याला जपानी नावं आहेत. मी ती भिंतीवर लिहून ठेवली आहेत, तोंडात बसत नाहीत.

जपानातल्या हवेत असं लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकतं म्हणे. टिकत असेल. इथे खाडीची दमट हवा, चार महिने पाऊस, बुरशी आणि वाळवी. भिवंडीत मेलेलं लाकूड चार पावसाळे धड राहिलं तर मालकाने पेढे वाटावेत. ते धड ठेवणं हे माझं काम.

काम दिसायला सोपं आहे. मऊ झालेलं, कुजलेलं सगळं कोरून काढायचं. तारेच्या ब्रशने आणि जुन्या टूथब्रशने लाकूड घासायचं. कुठे खळगा असेल आणि त्यात पाणी साचत असेल तर ते खाली निघून जाईल अशी वाट करून द्यायची. मग चार-पाच दिवस सुकू द्यायचं. कडक ऊन बघून कुंडीतल्या मातीवर प्लास्टिक अंथरायचं, लाकूड हलकंसं ओलं करायचं आणि ते गंधक-चुन्याचं लालसर पाणी ब्रशने लावायचं. लावताना पिवळं दिसतं, उन्हात बसलं की पांढरं होतं. बुरशी लागत नाही, किडा लागत नाही. फक्त एक पथ्य. जिवंत सालीला त्याचा स्पर्श होता कामा नये. मेलेल्याची आणि जिवंताची हद्द जिथे मिळते, तिथे माझा हात अजूनही थांबतो, आणि मी चष्मा पुसतो.

आता पहिलं काम. माझ्या वडिलांची धोटे दुरुस्तीची खोली होती. ज्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालताना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, धोटा म्हणजे हातभर लांबीचा, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या आणि पोटात सुताची कांडी. उभ्या धाग्यांमधून तो दिवसभर इकडून तिकडे फेकला जातो. त्याला केसाएवढं कुसळ निघालं तरी धागे तुटतात आणि लूमवाला तावातावाने दारात येतो. मी ते कुसळ काढायचो, टोप्या बदलायचो, वाकलेला धोटा सरळ करायचो, आणि शेवटी अळशीच्या तेलात आठवडाभर बुडवून ठेवायचो. तेल प्यायलेला धोटा गुळगुळीत, काळसर आणि टणक होतो. माझ्या हातचा धोटा फुटला अशी तक्रार क्वचितच यायची. हे मी बढाई म्हणून सांगतोय, आणि सांगायचा मला हक्क आहे.

मग बिनधोट्याचे नवे लूम आले. जुने अजून खडखडतात, पण कमी झाले. एका जुन्या गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेले बारा धोटे परत न्यायलाच नकार दिला. "उस्ताद, अब इनकी जरूरत नहीं रही. आप ही रख लो," म्हणाला. त्याला माझा मान ठेवायचा होता, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या कामाची वाट दाखवली ती गावातल्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. त्यांच्या गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्या होत्या. एका बोरीच्या खोडात कुजट पोकळी झाली होती आणि कुठलाही सुतार तिला हात लावायला तयार नव्हता. धोट्याचं पोट कोरायच्या माझ्या बारीक पटाशीने मी ती तासाभरात साफ केली. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. नंतर त्यांनी मला पुस्तकांतली चित्रं दाखवली, इंग्रजी मजकूर वाचून अर्थ सांगितला, ठाण्या-मुलुंडच्या आपल्या मैत्रिणींना माझं नाव दिलं. बाई आता नाहीत. त्यांच्या बोरीची पोकळी अजून कोरडी आहे, सूनबाई मला न चुकता बोलावतात.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका गृहस्थांनी वाळलेल्या खोडाला ऑइलपेंटचा पांढरा हात मारून ठेवला होता आणि मला विचारत होते, दुसरा हात कधी मारू. एका बाईंना कुणीतरी सांगितलं की घरात मेलेलं झाड ठेवू नये. झाड जिवंत आहे, फक्त एक बाजू मेली आहे, असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, मग ती बाजू हिरवी रंगवून देता का. निवृत्त बँक अधिकारी असलेले एकजण रोज संध्याकाळी वाळलेल्या फांदीवर पाण्याचा फवारा मारायचे. कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, तिलाच जास्त गरज आहे. त्यांना मी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी ती फांदी हातात आली.

आता राहनाळच्या चिंचेकडे येतो. लिहायला बसलो ते खरं तिच्यासाठीच.

हिराजीभाऊ भिवंडीजवळच्या राहनाळ गावचे. पन्नाशीचा माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि कान जरा लहान. त्यांची भातशेती गोडाऊनखाली गेली. खळं होतं, म्हणजे जिथे बैल फिरवून भाताची मळणी व्हायची ती जागा, तिथे आता काँक्रीट आहे आणि कंटेनर मागे घेतात. खळ्याच्या कडेला चिंचेचं एक बुटकं खोड होतं. आजोबांच्या काळात कधीतरी झाड तोडलं होतं, खोड ठेवलं होतं ते बैल बांधायला. तीन पिढ्यांच्या बैलांचं दावं घासून त्या खोडाच्या एका अंगाला, अर्ध्या घेराएवढी, बोटभर खोल खाच पडली होती. जेसीबीने खोड उपटलं तेव्हा हिराजीभाऊंनी ते ट्रकमध्ये जाऊ दिलं नाही, घरी आणून कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. पावसात त्याला एका बाजूने पालवी फुटली. ती पहिल्यांदा दिसली त्यांच्या बायकोला, मंजुळाताईंना. त्यांनी अर्धं कापलेलं प्लास्टिकचं पिंप आणलं, माती भरली, खोड त्यात उभं केलं आणि रोज पाणी घालायला लागल्या. पाच-सहा वर्षांत झाड उत्तम सावरलं. मग कुणीतरी सांगितलं की याला बोन्साय म्हणतात, सिमेंटची उथळ कुंडी आली, आणि माझा फोन नंबरही आला.

मी पाहिलं आणि खूश झालो. एका बाजूने जिवंत सालीचा हातभर रुंद पट्टा वर चढलेला, त्यावर नाजूक पानांचा दाट घेर. दुसरी बाजू मेलेली, आणि तिच्यावर ती खाच. असं खोड पैसे देऊन मिळत नाही. हिराजीभाऊंनी मला हात धरून खाचेजवळ नेलं आणि त्यात माझं बोट फिरवायला लावलं.

"काका, पालवी येल, जाईल. त्याचं मना काय न्हाय," ते म्हणाले. "ही खाच ऱ्हायला पायजे."

पहिली दोन वर्षं सगळं रीतसर झालं. मी यायचो, घासायचो, गंधक-चुन्याचं पाणी लावायचो. हिराजीभाऊंची तक्रार एकच होती. त्यांना तो पांढरा रंग आवडायचा नाही. राख फासल्यासारखं दिसतं म्हणायचे. बैलांच्या अंगाने घासलेलं लाकूड कसं काळं, तुळतुळीत असायचं, हे ते मला दर खेपेला सांगायचे. तिसऱ्या वर्षी वैशाखात त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि माझ्यातला धोटेवाला जागा झाला.

मी म्हटलं, मला येतं. काळं, तुळतुळीत आणि टणक करून देतो, पावसाची काय बिशाद आहे लागायची. घरी अळशीच्या तेलाचा डबा होताच. लाकूड कडक उन्हात तापवून मी त्या मेलेल्या बाजूला तेल पाजलं. पाच दिवस रोज एक हात, खाचेत तर कापसाने. रंग असा आला की हिराजीभाऊंनी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवला. मी बाजूला उभा राहून नम्र चेहरा केला होता.

चूक कुठे झाली ते सांगतो. धोट्याला मुळं नसतात. तो कोरडा असतो, कोरड्या खोलीत असतो, तेल बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि विषय संपतो. कुंडीतल्या खोडाचा पाय मात्र सतत ओल्या मातीत असतो. पाणी खालून वर चढतं आणि उघड्या लाकडातून वाऱ्यावर सुकून जातं. मी तेलाने ती बाहेरची वाटच बंद केली. पाणी आत शिरत राहिलं आणि आतच राहिलं. शिवाय हद्दीवर थोडं तेल जिवंत सालीखाली झिरपलं. हे शाळेतल्या मुलालाही कळेल इतकं साधं आहे. मला कळलं नाही, कारण चाळीस वर्षं मला तेलाने कधी दगा दिला नव्हता.

दसऱ्यानंतर हिराजीभाऊंचा फोन आला की एक फांदी पिवळी पडली आहे. मी गेलो. बुंध्याशी अळंब्या उगवल्या होत्या. पटाशीच्या मुठीने खोडावर ठोकलं. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं. हे बद्द वाजलं. मातीपासून खाचेच्या वरपर्यंत सगळीकडे बद्द वाजलं. मला त्या क्षणी सगळं समजलं.

हिराजीभाऊंनी विचारलं, काय झालं. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात तेच मंजुळाताईंकडे वळले आणि म्हणाले, रोज पाइप लावून उभी राहते, सांगून ऐकत नाही. मंजुळाताई दारात उभ्या होत्या. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "पाणी जरा बेतानंच घालत जा, ताई."

हे वाक्य खोटं नव्हतं. कुजणाऱ्या खोडाला पाणी कमीच घालावं. म्हणूनच ते बोलणं मला जमलं. सरळ खोटं बोलायला माझी जीभ वळली नसती, असं मी स्वतःला तेव्हा आणि नंतरही बरेच दिवस सांगत होतो.

त्या दिवसापासून झाड मंजुळाताईंच्या हातातून गेलं. हिराजीभाऊंनी चार माणसं लावून कुंडी वरच्या गॅलरीत आपल्या खुर्चीशेजारी नेली आणि स्वतः स्टीलच्या पेल्याने मोजून पाणी घालायला लागले. ज्या बाईने भिंतीला टेकवलेल्या खोडाची पालवी ओळखली, तिला गॅलरीत झाडाजवळ जायचीही चोरी झाली. मी त्या वर्षभरात दोनदा गेलो. तेलकट लाकडावर गंधक-चुन्याचं पाणी ठरेना, थेंब होऊन घरंगळायचं. तरी मी ब्रश फिरवून आलो. दोन्ही वेळा मंजुळाताईंनी चहा आणून दिला. मी कपाकडे बघत चहा प्यायलो.

दुसरा पावसाळा झाला आणि जिवंत पट्टा अर्ध्याहून कमी रुंद उरला. पानं विरळ झाली. मी बघायला गेलो तेव्हा हिराजीभाऊ खचले होते. म्हणाले, आता खाडीत सोडून देऊ, डोळ्यांसमोर नको. मग चहा घेऊन आलेल्या बायकोला, माझ्यासमोर, म्हणाले की तुझ्या हाताला यशच नाही. त्यांनी ते चिडून म्हटलं नाही, नुसतं बोलता बोलता म्हटलं. वर्षभरात ती त्या घरातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट झाली होती. मंजुळाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, कप ठेवला आणि आत गेल्या.

मी घरी आलो. आठ दिवस मला काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटण्यापेक्षा भीती जास्त वाटत होती. राहनाळ, काल्हेर, अंजूर, या बाजूची माझी सगळी गिऱ्हाइकं हिराजीभाऊंच्या शब्दावर आलेली. आणि या वयात तिसरं काम मला कोण देणार. पण ते झाड खाडीत गेलं असतं तर मंजुळाताईंवरचा तो शिक्का कायमचा बसला असता, आणि तो पुसू शकणारा मी एकटाच होतो. नवव्या दिवशी पटाशांची पिशवी घेऊन गेलो.

दोघंही घरात होते. मी मंजुळाताईंनाही बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"पाण्याचा दोष नव्हता," मी म्हणालो. "मी तेल लावलं, त्याने झाड आतून कुजलं. गेल्या दसऱ्यालाच मला कळलं होतं. मी सांगितलं नाही."

हिराजीभाऊंना आधी नीट समजलंच नाही. त्यांनी विचारलं, कुठलं तेल. मी सांगितलं, अळशीचं, धोट्यांना लावतो ते. ते काही बोलणार एवढ्यात मंजुळाताई बोलल्या.

"मना ठाव हाय."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळलो. त्यांचं माहेर जवळच्याच शेलार गावचं. घराला लागून वडिलांचे चार लूम होते आणि लहानपणी त्या तिथे बसून कांड्या भरायच्या. तेलातून काढलेले धोटे कागदात गुंडाळून यायचे, ते उघडायचं काम त्यांचं. "त्यो वास मना कललाय पयल्याच दिशी," त्या म्हणाल्या. "पानी घालाया गेले का खोराला पानी लागतच न्हाय, वरून जातंय. तवाच बोलले मनात, ह्ये काय खरं न्हाय."

हिराजीभाऊंचा आवाज एरवी कंपाउंडच्या बाहेर जातो. त्यांनी अगदी हळू विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुमी आयकलं असतं?" त्या म्हणाल्या. "तुमी बोलले असते, आपली चूक काकांवर घालतेस. म्हनून गप ऱ्हायले. काका कदी बोलतात, त्याची वाट बघत व्हते."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोक बोलले आहेत. लूमवाल्यांच्या शिव्या मी उभ्याने ऐकल्या आहेत. पण त्या चार शब्दांनी मी जितका खाली बसलो तितका कधी बसलो नाही. बाई वर्षभर मला चहा देत होत्या आणि प्रत्येक वेळी मला एक संधी देत होत्या. मी प्रत्येक वेळी साखर बरोबर झाली आहे म्हणून सांगून येत होतो.

हिराजीभाऊ उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, आता कुंडी खाली फेकतात की काय. ते बराच वेळ झाडाजवळ उभे होते. परत आले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, वाचेल का. मी सांगितलं, सगळं कुजलेलं काढलं तर जिवंत पट्टा वाचू शकतो, पण कुज खाचेच्या मागेच आहे, ती काढताना खाच राहणार नाही. खाच ठेवायची तर कुज ठेवावी लागेल आणि वर्षभरात झाडही जाईल. हिराजीभाऊ खुर्चीवर बसले. मग बायकोकडे वळून विचारलं, काय करायचं. माझ्या येण्याजाण्याच्या इतक्या वर्षांत मी त्यांना असं विचारताना पहिल्यांदा ऐकलं.

"कापा," मंजुळाताई मला म्हणाल्या. "ऱ्हाईल तेवरी ऱ्हाईल."

तीन दिवस मी खोड कोरत होतो. आतून काळा, ओला भुसा निघाला, बादल्या भरून. प्रत्येक थराला तो अळशीचा वास येत होता, जो मला चाळीस वर्षं आवडत आला होता. मागून पोकळी साफ केली, तळाला पाणी निघून जायला वाट केली, तेल लागलेली साल चांगल्या सालीपर्यंत छाटली. चिंचेचा आतला गाभा मात्र चिवट. एका बाजूला तो शाबूत निघाला आणि त्याच्यावरची वीतभर खाच वाचली. खोडाच्या अर्ध्या घेराएवढी होती, तिथे आता वीतभर आहे. हिराजीभाऊंनी त्यात बोट फिरवून पाहिलं आणि बाहेर गेले. संध्याकाळी त्यांनी माणसं बोलावून कुंडी गॅलरीतून खाली आणली, नळाजवळच्या तिच्या जुन्या जागी. माफी वगैरे मागणाऱ्यातला तो माणूस नाही. पण कुंडी ठेवताना मंजुळाताई हात करतील तिकडे ती तीनदा सरकवून घेतली, एवढं मी पाहिलं.

माझी चूक हिराजीभाऊंनी लपवली नाही. गावात विचारेल त्याला सांगितली, तेलासकट. त्या बाजूची तीन गिऱ्हाइकं तुटली. त्यांतल्या एकाच्या वडाला मी तेच तेल लावलं होतं, तिथे मी न बोलावता जाऊन ते घासून काढून आलो. गिऱ्हाइकं तुटल्याबद्दल मला तक्रार नाही. पण हिराजीभाऊंनी मला येऊ नका असं कधी म्हटलं नाही, याचा मला अजून अचंबा वाटतो.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी गंधक-चुन्याचं पाणी घेऊन राहनाळला गेलो. चिंचेला नवी पालवी होती, जिवंत पट्ट्याच्या कडा गोल होऊन पुढे सरकल्या होत्या. ऊन चांगलं होतं. मी पिशवी उघडली तर मातीवर प्लास्टिक आधीच अंथरलेलं, लाकूड घासून ओलं केलेलं, आणि मंजुळाताई हातात रबरी मोजे घालून उभ्या. त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि मला खुर्ची दाखवली. मी बसलो. मेलेल्या लाकडावरून त्यांचा हात सफाईने फिरत गेला. जिवंत सालीच्या हद्दीशी येऊन तो थांबला.

"नजर ठेवा, काका," त्या मागे न बघता म्हणाल्या. "माजं चुकलं तर तवाच सांगा. दीड वर्सानी नको."